थेंबू बोलू लागला



या भिंतीवर दर महिन्याला तुमच्या कविता, कोडी आणि चित्रे लागतात. या खेपेस अर्धी भिंत बाईंनी मागून घेतली आहे. त्याला कारण तुम्हीच. आपल्या शाळेचा 'थेंबू' पडद्यावर पाहिल्यापासून पहिलीची मुले विचारतात, "बाई, त्यो थेंब खरंच बोलतो का ओ?" आणि सातवीची विचारतात, "बाई, त्याचं तोंड आवाजाबरोबर कसं हालतं?" मधल्या सुट्टीत उभ्या उभ्या सांगण्यासारखे हे उत्तर नाही. म्हणून सविस्तर लिहिते. मोठ्यांनी लहानांना वाचून दाखवावे.

थेंबू खरा बोलत नाही. त्याचा आवाज तिसरीतल्या एका मुलीचा आहे आणि त्याचे ओठ मी संगणकावर काढलेले आहेत. आवाज एका दिवशी घेतला, ओठ पुढे कितीतरी दिवस काढत होते. या दोघांची गाठ घालून देणे हेच यातले खरे काम. गेल्या डिसेंबरपासून मार्चपर्यंत मी ते पहिल्या पाढ्यापासून शिकले. शिकता शिकता आपल्या वर्णमालेबद्दलही थोडे नवे कळले. तेही सांगते.

आधी एक सोपी गोष्ट. तळ्याच्या पलीकडच्या काठावर कोणी धुणे धूत असेल तर नीट बघा. कपडा दगडावर आपटलेला दिसतो, पण 'धप्प' असा आवाज येतो तोवर कपडा पुन्हा वर गेलेला असतो. उजेड एका सेकंदात जवळजवळ तीन लाख किलोमीटर जातो. आवाज बिचारा एका सेकंदात साधारण ३४० मीटर चालतो. म्हणून वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो. निसर्गात आवाज नेहमी मागून येतो; चित्राच्या पुढे तो कधीच धावत नाही.

आपल्या कानाला याची जन्मापासून सवय आहे. म्हणून कान उशीर चालवून घेतो, पण घाई चालवून घेत नाही. दूरचित्रवाणीसाठी तज्ज्ञांनी याची मोजमापे केली आहेत. आवाज चित्राच्या पुढे सुमारे ४५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले ४५ भाग, गेला की पाहणाऱ्याला खटकते. मागे पडला तर मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत खटकत नाही. बघा, एवढ्याशा वेळेचा हिशेब आपले डोळे आणि कान न शिकवता करतात!

सिनेमाचे काम या हिशेबावरच चालते. दादासाहेब फाळके यांनी सिनेमा काढायचे ठरवले तेव्हा एका कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेऱ्यासमोर ठेवून तो उगवताना रोज थोडे थोडे चित्रण केले. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली. ही १९१२ च्या सुमाराची गोष्ट. पुढे त्यांनी 'आगकाड्यांची मौज' नावाच्या लहान चित्रपटात आगपेटीतल्या काड्या हलवून दाखवल्या. काडी थोडी सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची, पुन्हा चित्र घ्यायचे. निर्जीव वस्तू अशी जिवंत होते. ३ मे १९१३ रोजी मुंबईत त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. पण ही सगळी चित्रे मुकी होती. ओठ हलत, आवाज नसे. काय बोलले ते पडद्यावर पाटी येऊन लिहून दाखवत.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला आणि आपल्याकडचा पडदा बोलू लागला. पुढच्याच वर्षी, १९३२ साली, कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. हीच प्रभात कंपनी पुण्यात गेल्यावर १९३४ साली तिने 'जंबू काका' नावाचे बोलके व्यंगचलचित्र काढले. ते रघुनाथ केळकरांनी केले होते. म्हणजे कागदावरच्या चित्राला बोलते करण्याचे काम आपल्या महाराष्ट्रात तुमच्या पणजोबांच्या काळापासून चालू आहे.

मुक्या चित्रपटात चित्रे थोडी हळू फिरली काय, जोरात फिरली काय, चालून जात असे. आवाज आला आणि ती मोकळीक संपली. फिरण्याचा वेग बदलला की माणसाचा आवाज कधी घोगरा, कधी चिरका होणार! म्हणून एका सेकंदाला बरोबर २४ चित्रे, असा वेग ठरून गेला. या एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. आपण तिला चौकट म्हणू.

तुमच्या आजोबांनी जत्रेत तंबूतला सिनेमा पाहिला असेल. त्याच्या फिल्मच्या कडेला आवाजाची एक बारीक नागमोडी रेघ छापलेली असे. गंमत म्हणजे चित्र आणि त्याचा आवाज फिल्मवर शेजारी शेजारी नसत. आवाज सुमारे वीस चौकटी पुढे छापत. चित्र दिव्यासमोर क्षणभर थांबायला हवे, म्हणून फिल्म तिथे थांबत थांबत सरकते. आवाज मात्र न अडखळता वाहायला हवा, म्हणून तो वाचणारी जागा यंत्रात थोडी पुढे ठेवलेली असे. यंत्रावर फिल्म चढवताना मधला ढिला वेढा कमीजास्त झाला की पडद्यावर नायकाचे तोंड मिटल्यावर त्याचे वाक्य ऐकू येई. मग तंबूतून शिट्ट्या! ती शिट्टी म्हणजे वर सांगितलेलेच मोजमाप होते.

आता आपल्या शाळेकडे येऊ. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे तुम्हांला ठाऊक आहे. पाठ्यपुस्तकात छापलेल्या काळ्या-पांढऱ्या चौकोनी ठशावर, म्हणजे क्यूआर कोडवर, मोबाइल धरायचा आणि धडा ऐकायचा-पाहायचा, ही त्यांची वाट. पुस्तक बोलते होऊ शकते हे त्यांनी दाखवले. आपल्या शाळेला याची गरज फार. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. रानाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात आणि त्यांतली मुले चार महिने आपल्या वर्गात बसतात. कारखान्याचा पट्टा पडला की ती निघून जातात. त्यांचा धडा इथे अर्धा, तिथे अर्धा. पुस्तक बदलते, बाई बदलतात. एक गोष्ट मात्र सगळीकडे त्यांच्यासोबत फिरते, ती म्हणजे वडिलांच्या खिशातला मोबाइल. त्या मोबाइलमध्ये बसेल असा एक बोलका धडा करावा, असे मनात आले.

धडा ठरला भीमा नदीचा. भीमाशंकरच्या डोंगरावर पडलेला पावसाचा एक थेंब उजनीच्या धरणात येतो, तिथून पंढरपूरला जातो आणि चंद्रभागा हे नाव घेतो. त्याचे नाव तुम्हीच ठेवलेत, थेंबू! मला चित्रकला बेताची येते. थेंबाला हातपाय लागत नाहीत. दोन डोळे आणि एक तोंड काढले की झाले. नवशिक्याला याहून सोयीचा नट कोणता?

लोकवर्गणीतून आलेल्या आपल्या संगणकावर 'ब्लेंडर' नावाची प्रणाली घेतली. ती फुकट मिळते. पूर्वी ती एका कंपनीच्या मालकीची होती. २००२ साली जगभरच्या लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो वर्गणी जमवली आणि ती सर्वांसाठी मोकळी करून घेतली. म्हणजे आपला संगणक लोकवर्गणीचा आणि त्यातली प्रणालीही लोकवर्गणीचीच! लाटव्हिया नावाच्या छोट्या देशातल्या कलाकारांनी याच प्रणालीवर एका काळ्या मांजराचा 'फ्लो' नावाचा चित्रपट केला आणि २०२५ साली त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्यात कोणी एक शब्दही बोलत नाही. आपल्या थेंबूला मात्र बोलायचे होते.

शिकताना पहिला धडा मिळाला तो असा: आवाज आधी, चित्र नंतर. चित्र आधी काढले तर बोलणाऱ्याला चित्राच्या मागे फरपटत बोलावे लागते आणि बोलणे खोटे वाटते. माणूस आपल्या चालीने बोलतो, मध्येच श्वास घेतो, एखाद्या शब्दावर रेंगाळतो. ते जसेच्या तसे घ्यावे आणि चित्राने त्याच्यामागे चालावे.

मग थेंबूचा आवाज शोधू लागलो. तुमच्यापैकी बावीस जणांनी वाचून दाखवले. कोणी पाढे म्हटल्यासारखे म्हटले, कोणी भाषण केले. तिसरीत टोळीबरोबर आलेली एक मुलगी होती. घरी गोरमाटी बोलणारी. वर्गात ती हजेरीपुरते "हजर" म्हणे, बाकी गप्प. मराठी तिला कळे, पण आपले बोलणे ऐकून कोणी हसेल, असे तिला वाटत असावे. तिचा नंबर आला तेव्हा मी सगळ्यांना बाहेर पाठवले. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, "मी भीमेचा थेंब." इतके हळू आणि इतके खरे, की जणू नुकताच ढगातून पडलेला थेंब आजूबाजूला बघतो आहे. थेंबू सापडला!

आवाज घेणे सोपे नव्हते. खोलीत पंखा घरघरतो, बाहेर पिठाची गिरणी चालते, पत्र्यावर कावळे. पंखा बंद केला. गिरणी दुपारी थांबते ती वेळ धरली. रिकाम्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून घुमतो, म्हणून चहूबाजूंनी दोऱ्या बांधून घराघरांतून आणलेल्या सोलापुरी चादरी टांगल्या. जाड सुती कापड आवाज पिऊन टाकते. चादरींच्या त्या खोपटात मोबाइल ठेवला आणि थेंबू बोलला. दर वाक्याआधी एक टाळी वाजवली. सिनेमावाले पाटीवर लाकडी फळी आपटतात ती याचसाठी. फळी मिटलेली चौकट आणि 'टक्' असा आवाज एकमेकांवर ठेवले की सगळा प्रवेश आपोआप जुळतो. आमच्या कामात टाळीचा उपयोग एवढाच, की आवाजाच्या रेघेवर तिथे उंच टोक दिसते आणि वाक्य कुठून सुरू झाले ते शोधावे लागत नाही.

आता ओठ. इंग्रजी बोलणाऱ्या चित्रांसाठी तोंडांचे तक्ते मिळतात. मी तो तक्ता घेऊन बसले आणि मनात आले, अहो, याहून चांगला तक्ता तर आपल्या पहिलीच्या भिंतीवर टांगलेला आहे! आपली वर्णमाला तोंडातल्या जागांप्रमाणेच लावलेली आहे. क, ख, ग घशाजवळ. च, छ, ज टाळूला. ट, ठ, ड जीभ मागे वळवून. त, थ, द दातांशी. आणि प, फ, ब, भ, म ओठांवर. पहिल्या चार ओळी तोंडाच्या आत घडतात, बाहेरून फारशा दिसत नाहीत. पाचव्या ओळीत मात्र ओठ मिटलेच पाहिजेत. आरसा घ्या आणि ओठ न मिटवता 'मामा' म्हणून बघा. जमणार नाही!

म्हणून थेंबूला फक्त सहा तोंडे काढली. मिटलेले, प-फ-ब-भ-म साठी. उघडलेले, 'आ' साठी. ताणलेले, 'ई' साठी. त्याहून थोडे मोकळे, 'ए' साठी. गोल, 'ओ' साठी. आणि चंबू केलेले, 'ऊ' साठी. उरलेल्या अक्षरांना यांतलेच जवळचे तोंड द्यायचे.

"मी भीमेचा थेंब" हे वाक्य दीड सेकंदाचे होते. चोवीस गुणिले दीड, छत्तीस चौकटी. त्यांची वाटणी अशी केली:

१ ते २ — म, मिटलेले
३ ते ८ — ई, ताणलेले
९ ते १० — भ, मिटलेले
११ ते १६ — ई, ताणलेले
१७ ते १८ — म, मिटलेले
१९ ते २२ — ए, मोकळे
२३ ते २७ — चा, उघडलेले
२८ ते ३२ — थे, मोकळे
३३ ते ३६ — ंब, मिटलेले

शेवटची ओळ नीट वाचा. 'थेंब' मधल्या अनुस्वाराचा उच्चार 'म्' होतो, कारण पुढे 'ब' आहे. 'गंगा' म्हणताना ओठ मिटत नाहीत, कारण तिथे पुढे 'ग' आहे. अनुस्वाराचा हा नियम मी कित्येक वर्षे फळ्यावर लिहिते आहे. तो डोळ्यांनी दिसतो, हे थेंबूने दाखवले. चौथीतल्या मुलांनी आरसे घेऊन 'आंबा, अंगण, लांब, पंख' असे म्हणत शाळा डोक्यावर घेतली होती ती याच दिवशी.

आणखी एक युक्ती. मिटलेले तोंड आवाजाच्या एक-दोन चौकटी आधी ठेवावे. चित्र थोडे आधी, आवाज किंचित मागून. कपडा आपटण्याची गोष्ट आठवा. एक चौकट म्हणजे सुमारे ४२ मिलिसेकंद. आवाज एक चौकटभर पुढे गेला की खटकण्याच्या काठावर येतो, पण दोन चौकटी मागे राहिला तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

पहिली पंधरा सेकंदे तयार झाली. सगळे संगणकाभोवती जमले आणि मी ती चालवली. लगेच मागून हाक आली, "बाई, आवाज फुडं पळायलाय आन् तोंड मागं ऱ्हायलंय!" खरेच होते. टाचणवहीतल्या चौकटी एकेक करून ताडून पाहिल्या, सगळ्या जागच्या जागी होत्या. तरी चालवले की पुन्हा तेच. तालुक्याला लग्नाची शूटिंग करणारे एक दादा आहेत. त्यांना दाखवले. ते हसून म्हणाले, "बाई, आवाजाला हात लावू नका. तुमचा संगणक दमलाय. एका सेकंदात चोवीस चित्रं रंगवून दाखवायची म्हटल्यावर त्याला धाप लागायलीय. आवाजाला काय रंगवायचं नसतं, तो सुटतो पळत. आधी सगळी चित्रं निवांत काढून ठेवू द्या. मग पळवा. बरोबर मिळतंय का नाही बघा."

या निवांत काढून ठेवण्यालाच रेंडर करणे म्हणतात. आपण पडद्यावर बघतो तो नुसता कच्चा आराखडा. रेंडर म्हणजे प्रत्येक चौकटीवर उजेड कुठून पडतो, सावली कुठे, पाणी किती निळे, याचा सगळा हिशेब करून पक्के चित्र काढणे. दादा म्हणाले तसेच झाले. पक्की चित्रे जोडून चालवली आणि थेंबूचे ओठ 'मी' म्हणताना बरोबर मिटले.

मेळ दोन तऱ्हांनी मोडतो, हेही त्यांनीच सांगितले. हे मोठ्या मुलांनी वहीत उतरवून घ्यावे. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखेच अंतर राहत असेल, तर आवाज फक्त सरकलेला आहे. तो तेवढा मागेपुढे करावा, संपले. पण सुरुवातीला बरोबर असून पुढे पुढे अंतर वाढत जात असेल, तर चित्राचा वेग आणि मोजण्याचा वेग निराळे आहेत. समजा, चित्रे सेकंदाला २५ या हिशेबाने काढली आणि चालवली २४ ने. एका मिनिटाची १५०० चित्रे संपायला साडेबासष्ट सेकंद लागणार. आवाज मात्र साठाव्या सेकंदालाच संपला! अडीच सेकंदांचा घोळ. इथे आवाज सरकवून काही होत नाही. दोघांना एकाच वेगाच्या बोलीवर आणावे लागते. लेझीम खेळताना एक रांग हलगीवर आणि दुसरी आपल्या मनावर नाचली तर काय होईल, तसेच हे.

आता रेंडरचा हिशेब. आपला धडा दोन मिनिटे पाच सेकंदांचा. १२५ गुणिले २४, तीन हजार चौकटी. आपला संगणक एका चौकटीला साधारण ४० सेकंद घेई. एकूण १,२०,००० सेकंद. भागाकार करा: ३३ तास २० मिनिटे! दीड दिवस संगणक अखंड चालायला हवा. आणि आपल्याकडे लाईट किती वेळ सलग असते ते तुम्हांला सांगायला नको.

इथे आपल्या सोलापूरचा जकार्ड माग आठवतो. चादरीवर मोर किंवा फूल येते ते भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून. एक पुठ्ठा म्हणजे आडव्या धाग्याची एक फेक. कोणता उभा धागा उचलायचा, कोणता नाही, ते भोके सांगतात. पुठ्ठ्यामागून पुठ्ठा फिरतो आणि धाग्यामागून धागा बसतो. फ्रान्समधल्या लिआँ शहरात जोसेफ मारी जकार्ड यांनी दोनशे वर्षांपूर्वी ही युक्ती यंत्रात बसवली. मागावर लाईट गेली तर विणलेली चादर उसवत नाही. लाईट आली की पुढच्या पुठ्ठ्यापासून काम सुरू. तीच रीत थेंबूला लावली. सगळ्या चौकटींचा एकदम एकच चित्रपट करायला संगणकाला सांगितले आणि मध्येच लाईट गेली, तर अर्धवट राहिलेला तो गठ्ठा बहुधा उघडतच नाही. म्हणून प्रत्येक चौकट निराळे चित्र म्हणून साठवायला सांगितले. १ पासून ३००० पर्यंत क्रमांक. लाईट गेली तेव्हा ८१४ झाल्या असतील, तर परत आल्यावर ८१५ पासून सुरू. शेवटी तीन हजार चित्रांची माळ करून तिच्याखाली आवाज ठेवायचा.

मार्च उजाडला होता. रानातला ऊस संपत आला आणि पट्टा पडायची बोलणी सुरू झाली. थेंबूचा आवाज जिचा, ती निघून जाण्याआधी तिने तो पाहावा, एवढीच माझी घाई. रोज संध्याकाळी संगणक लावून जायचे, सकाळी येऊन किती चौकटी झाल्या ते फळ्यावर लिहायचे. ३१०. ८१४. १२६०. मुले आल्या आल्या आधी फळा बघत. तीही बघे. एकदा म्हणाली, "बाई, आज पंढरपूर आलं का?" तेव्हा थेंबू अजून उजनीतच होता.

फळ्यावर २४७५ लिहिले त्या सकाळी तिची जागा रिकामी होती. पट्टा पडला होता. रात्रीच ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, कोंबड्या आणि माणसे भरून टोळी बीडकडे गेली होती. थेंबू पुरा झाला तो तिसऱ्या दिवशी. आपण पडदा लावून पाहिला, तुम्ही टाळ्या वाजवल्या. तिच्या वडिलांचा मोबाइल नंबर हजेरीच्या वहीत होता. त्यावर चित्रफीत पाठवून दिली. दोन दिवस काही उत्तर आले नाही. त्यांच्या तांड्यावर रेंज कमी असेल, असे म्हणून मी मनाची समजूत घातली.

तिसऱ्या दिवशी एक आवाजी निरोप आला. मागे शेळ्यांचे ओरडणे आणि पाच-सहा मुलांचा गलका. आणि त्या सगळ्यावरून खणखणीत आवाजात ती बोलत होती: "बाई, आमच्या तांड्यातल्या समद्यांनी बघितलं. पर थेंबू पंढरपुरातच थांबलाय की. म्होरं कुटं जातो त्यो? मला सांगा, मी बोलून पाठवते."

वर्गात हजेरीपुरते बोलणारी मुलगी ही! मी तिला थेंबूची पुढची वाट सांगितली. पंढरपूरवरून तो दक्षिण सोलापुरात हत्तरसंग कुडलला जातो. तिथे भीमेला सीना मिळते. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा शिलालेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. पुढे भीमा कर्नाटकात शिरते आणि कृष्णेला मिळते. आठ दिवसांत तिने सगळे आपल्या शब्दांत बोलून पाठवले. शेवटी थेंबू कृष्णेला गोरमाटीतून हाक मारतो, हे तिच्या मनचे. ते मी तसेच ठेवणार आहे. त्या देवळातल्या दगडाने हजार वर्षे अक्षरे जपली, पण ती म्हणणाऱ्याचा आवाज त्याला जपता आला नाही. आपल्याला तो जपता येतो.

तर आता थेंबूच्या दुसऱ्या भागाचा आवाज शाळेत येऊन पडला आहे. चित्रे काढायची आहेत. या वेळी चौकटी मोजायला पाचवी, सहावी आणि सातवीच्या मुलांनी यावे. गोरमाटी शब्दांत ओठ कुठे मिटतात ते तांड्यावरून आलेल्या मुलांनीच सांगायचे. तिथे बाई विद्यार्थी आणि ती मुले गुरुजी!

लहान मुलांनी घरी एवढे करावे. जुन्या वहीची चोवीस कोरी पाने घ्या. दर पानाच्या कोपऱ्यात एक थेंब काढा. आधी सोबत्याला एक वाक्य बोलायला लावा आणि ते दोनदा ऐका. कुठे ओठ मिटले, कुठे ताणले ते बघा आणि मग एकेका पानावर तसे तोंड काढा. अंगठ्याने पाने फर्रकन सोडा आणि सोबत्याला तेच वाक्य पुन्हा म्हणू द्या. मेळ बसला की तुमचे तुम्हांलाच हसू येईल. नाही बसला तर पान बदला, सोबत्याला बदलायला लावू नका. ज्याचा आवाज आहे त्याने आपल्या चालीने बोलावे. चित्र काढणाऱ्याने आधी नीट ऐकावे.

तुमच्या बाई